नवी झरणी

लेखनसाहित्याची हौस ही वरकरणी एकट्याची हौस. बोरू असो, टाक असो की झरणी, व्यवहार एका हाताशी आणि एका कागदाशी. तरीही नवी झरणी घेणाऱ्याला लिहिण्यापेक्षा दाखवण्याचीच घाई अधिक असते आणि ती दाखवायची असते जाणत्यांना. ‘छान आहे’ एवढ्याने त्याचे समाधान होत नाही. निब कशी चालते, शाई किती मावते, हे कुणी विचारावे लागते.

भिलाई-३ मध्ये ही हौस विशेष उठून दिसते. १९५५च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. देशभरातून माणसे आली, त्यांत मराठी माणसेही आली. हा प्रदेश टनांत विचार करणारा. कारखान्यातून रेल्वेचे रूळ निघतात, शेजारच्या यार्डात मालगाड्यांचे डबे रात्रंदिवस जोडले-तोडले जातात. अशा ठिकाणी निवृत्त झालेली चार माणसे मिलिमीटरभरही रुंद नसलेल्या टोकावर तासभर बोलतात, हे नवलाचे खरे. पण ज्यांनी आयुष्यभर धातूची वागणूक पाहिली, त्यांनाच निबेचा लवचिकपणा चटकन कळतो.

टेबलावर ठेवलेली झरणी राजमहेंद्रीच्या घडणीची, काळ्याभोर एबोनाइटची. रबर गंधकासह तापवून कठीण केले की एबोनाइट होते. अंगठ्याने चोळले तर गंधकाचा पुसट वास अजूनही येतो. राजमहेंद्रीच्या रत्नम यांच्या स्वदेशी पेनला १९३५ साली महात्मा गांधींनी वर्ध्याहून पत्र लिहून पसंती कळवली होती. वर्धा आणि भिलाई एकाच हावडा-मुंबई लोहमार्गावर. त्यामुळे या बैठकीत ती कथा शेजारघरची असल्यासारखी सांगितली जाते. शाई कॅम्लिनची, म्हणजे दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या उद्योगाची.

मग झरणी उघडली जाते. निबेखालच्या जिभेतल्या बारीक खाचा उजेडात धरून पाहिल्या जातात. शाई खाली उतरायची तर तेवढीच हवा वर शिरली पाहिजे. वाट बंद झाली की भरलेली झरणीही मुकी होते. प्रदर्शनाचेही तसेच आहे. मालकाने गप्प राहून दुसऱ्याला बोलण्यास जागा दिली, तरच कौतुक वाहू लागते. परंतु खरी कसोटी पुढे आहे. जाणता माणूस नुसते पाहून थांबत नाही, तो लिहायला मागतो. मालकाच्या चेहऱ्यावर क्षणभर संकोच उमटतो. दुसऱ्याच्या हाताने निब बिघडते, ही जुनी समजूत. तरीही तो पेन पुढे करतो, कारण नकार दिला तर दाखवणेच निरर्थक ठरते.

कागदावर एक हिंदीत आपले नाव लिहितो, दुसरा इंग्रजीत सही करतो, तिसरा तेलुगूची गोलाई तपासतो. मालक मात्र ‘ळ’ गिरवतो. शिरोरेषेखाली निब एका बाजूस वळते, पुन्हा दुसऱ्या बाजूस. दोन्ही वळणांवर शाई सारखी उतरली तर पेन उत्तम. हिंदीच्या नित्याच्या लेखनात हे अक्षर भेटत नाही. घरातला नातू ‘शाळा’ म्हणतो, लिहिताना मात्र ‘शाला’ लिहितो. त्याच्या वर्गात ‘ळ’ कुणी शिकवलेलाच नसतो. पूर्वी ‘ळ’ लागत असे तो गावाकडच्या पत्रांना. ती पत्रे घेणारी माणसे आता उरली नाहीत.

म्हणून या हौसेला निव्वळ मिरवणे म्हणून मोडीत काढता येत नाही. वस्तूचे मोल जाणणारे मित्र तिथे आहेत, आणि त्यांची दाद खरी आहे. फक्त त्या सुबक अक्षराकडे पाहून त्यांतला एक जण विचारतो, “हे काय लिहिलेत?” आणि झरणीचा मालक टोपण न लावता, सावकाश, ते उच्चारून दाखवू लागतो.