गाडी काय म्हणते?

माणसाच्या प्रकृतीची चौकशी झाली, की हल्ली त्याच्या गाडीची होते. "काय म्हणते गाडी?" या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे: "झकास!" मुलगा नापास झाला तर बाप शेजाऱ्याजवळ त्याचा चारदा उद्धार करील, पण मोटारीविषयी वावगा शब्द त्याच्या तोंडून निघायचा नाही. पंधरा-वीस लाख मोजून, हार घालून, चाकांखाली लिंबे चिरडून दारी आणलेली वस्तू वाईट निघाली असे म्हणणे म्हणजे आपल्या अकलेचे दिवाळे स्वतःच जाहीर करणे! शिवाय गाडी पुढेमागे विकायची असते. तेव्हा मालक तिचे गुण चारचौघांत गातो आणि अवगुण तेवढे सर्व्हिस सेंटरातल्या माणसाच्या कानात सांगतो.

आमची गाडी सात जणांची, उंच, ऐसपैस. ती घेतली आईसाठी. तिचे गुडघे धरलेले. ठेंगण्या मोटारीतून तिला बाहेर काढायचे म्हणजे दोघांनी दोन हात ओढावे लागत. या गाडीत ती पायरीवर पाय देऊन चढे आणि खुर्चीत बसावे तशी बसे. उंचावर बसले की माणसाला उगीचच निर्धास्त वाटते. इतरांच्या गाड्यांची टपे खाली दिसू लागतात. हत्तीवरून मिरवणाऱ्या संस्थानिकालाही असेच काहीसे वाटत असावे.

दुसऱ्या पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरत होतो. मागे आई आणि दोन्ही मुले. एका वळणावर स्टिअरिंग एकाएकी जड झाले. हल्लीच्या गाड्यांत ते फिरवायला विजेवरची एक लहान मोटर मदत करते. ती मदत थांबली तरी चाके वळतात. पण जाते ओढावे तसे ते ओढावे लागते, आणि तेही आपण बेसावध असताना. समोर दिवा पेटलेला, डाव्या हाताला दरी. दोन्ही हातांनी रेटून वळण घेतले, गाडी कडेला उभी केली, बंद करून पुन्हा सुरू केली. दिवा गेला आणि स्टिअरिंग लोण्यासारखे मऊ! आईने विचारले, "काय झालं रे?" मी म्हटले, "काही नाही, जरा थांबलो." ती पुढे काही बोलली नाही. मात्र चिपळूणहून परतताना तिने एस.टी.चे तिकीट काढायला लावले, आणि त्यानंतर गाडीचे नाव निघाले की म्हणते, "माझे गुडघे घरीच बरे आहेत." जिच्यासाठी गाडी घेतली ती तीत बसत नाही, वाण्याकडून नारळ तेवढा मी त्या गाडीतून आणतो.

सर्व्हिस सेंटरच्या चार वाऱ्या झाल्या. दंतवैद्याच्या दारात दात दुखायचा थांबतो, तसे आमचे स्टिअरिंग त्यांच्या आवारात अगदी शहाण्यासारखे वागते. टाय लावलेला एक तरुण जॉब कार्डावर माझे म्हणणे लिहून घेई आणि संध्याकाळी हसतमुखाने सांगे, "सर, टेस्ट ड्राइव्ह घेतली. फॉल्ट दिसत नाही. आणि खरं सांगू का, अशी कम्प्लेंट फक्त तुमचीच आहे."

फक्त तुमचीच! या दोन शब्दांनी मी खरोखर वरमलो होतो. पण चौथ्या वारीला, काचेमागच्या त्या गारेगार खोलीत फुकटची कॉफी पीत असता, शेजारचे गृहस्थ खुर्ची जवळ ओढून, मूळव्याधीविषयी बोलावे इतक्या हळू आवाजात म्हणाले, "तुमचंही स्टिअरिंग जड होतं का हो?" हे सांगलीकडचे, बँकेतून निवृत्त झालेले. मॉडेल तेच, वर्ष तेच. त्यांनाही टायवाल्याने तेच सांगितले होते. म्हणजे "फक्त तुमचीच" तक्रार असलेले आम्ही दोघे एकाच कोचावर बसलो होतो.

अशा वेळी मला अमेरिकेतली एक सोयरीक आठवते. फोर्ड घराण्यातल्या विल्यम क्ले फोर्डचे लग्न 1947 साली फायरस्टोन या टायरवाल्या घराण्यातल्या मार्थाशी झाले. धंद्यातला घरोबा तर त्याहून जुना. पुढे फोर्डची एक्स्प्लोरर नावाची उंच गाडी अमेरिकेतल्या कुटुंबांची लाडकी झाली, आणि तिला टायर अर्थातच व्याह्यांचे. उन्हाळ्यात भर वेगात त्या टायरांचा वरचा थर सोलून निघू लागला. उंच गाडी उसाच्या बैलगाडीसारखी कलंडायची आणि आतली माणसे जायची. 1998 साली एका विमा कंपनीतल्या सॅम बॉयडेन नावाच्या कर्मचाऱ्याने आपल्या कागदांत अशी 21 प्रकरणे मोजली आणि सरकारी खात्याला कळवले. कोणी फारसे लक्ष दिले नाही. ऑगस्ट 2000 मध्ये 65 लाख टायर परत मागवावे लागले, तोवर बळींची मोजणी वाढत चालली होती. अखेर ती अडीचशेच्या पुढे गेली. मग व्याह्यांत जुंपली. फोर्ड म्हणे टायर वाईट. फायरस्टोन म्हणे तुमची गाडीच डळमळीत, आणि टायरात हवा 26 पौंडच भरा असे तुम्हीच सांगितलेत. मे 2001 मध्ये फायरस्टोनने संबंध तोडले. आमटी खारट कोणी केली यावर विहिणींनी भांडावे आणि पंगतीतली माणसे मात्र उठून गेलेली असावीत, तसला हा प्रकार! त्यातून एक गोष्ट बरी झाली. 2000 च्या नोव्हेंबरात तिकडे कायदा झाला आणि आलेल्या तक्रारींची माहिती कारखानदाराने सरकारला देणे भाग पडले. बॉयडेनने आपल्या टेबलाशी बसून जी मोजदाद केली, ती आता करणे सक्तीचे झाले.

आमचे मेहुणे हे ऐकून म्हणाले, "पण तुमच्या गाडीला तारे किती आहेत!" तारे आहेत, कबूल. आपल्याकडेही 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅपची परीक्षा सुरू झाली, ही चांगलीच गोष्ट. पण नवी कोरी गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळल्यावर आतल्या माणसांचे काय होईल, ते तारे सांगतात. दोन पावसाळे खाल्लेली गाडी घाटात त्या अडथळ्यावर जाईल की नाही, हे त्यांना विचारू नये.

आपल्याकडेही गाडी परत मागवण्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. गाडी सात वर्षांच्या आतली हवी, आणि सरकारने सक्ती करायची तर तक्रारी किती जमायला हव्यात त्याचे एक कोष्टक आहे. वर्षाला दहा हजारांहून अधिक खपणाऱ्या मोटारीसाठी त्यात आकडा आहे 1,250. मी तो दोनदा वाचला. आमची गाडी त्याच रांगेतली. म्हणजे माझ्याखेरीज आणखी 1,249 माणसांनी "झकास" म्हणायचे सोडून खरे बोलायला हवे! आपला स्वभाव ज्याला ठाऊक नाही अशा कोणीतरी हा आकडा ठरवला असावा.

मी परिवहन मंत्रालयाकडे तक्रार नोंदवली, चारही जॉब कार्डे जोडली आणि सांगलीकरांना फोन केला. त्यांना फार आनंद झाला. "नोंदवलीच पाहिजे," ते म्हणाले, "मीही नोंदवतो. फक्त जरा थांबतो. पाडव्याला गाडी विकायचं ठरतंय. गिऱ्हाईक चांगलं आहे, इस्लामपूरचं. दोन लहान मुलं आहेत, त्यांना मोठी गाडीच हवी आहे. एकदा व्यवहार झाला की मोकळेपणी तक्रार करतो."

"त्यांना स्टिअरिंगचं सांगितलंत का?" मी विचारले.

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग त्यांनी आमच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली.