दुर्बीण आणि दया

सशाविषयी मराठी मनात एक उपजत माया आहे. चंद्रावरच्या डागात आपल्या पूर्वजांना ससा दिसला आणि त्यांनी चंद्राला ‘शशांक’ म्हटले. जातककथेतल्या सशाजवळ दारी आलेल्या अतिथीला देण्यासारखे काही नसते, म्हणून तो स्वतःच अग्नीत उडी घेतो. आज आपल्या देशात रानसशाची शिकार हा कायद्याने गुन्हा आहे. अशा संस्कारांत वाढलेल्या घरातला मुलगा रात्री बंदूक घेऊन ससे मारतो, ही वार्ता ऐकून त्याच्या आईला काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

हा मुलगा माझा भाचा. तो पशुवैद्य आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात तो स्थायिक झाला असून गावाबाहेर त्याने थोडी जमीन घेतली आहे. ही गोष्ट कळल्यापासून ताईने त्याच्याशी बोलणे टाकले होते. मी महिनाभर त्याच्याकडे राहावयास निघालो, तेव्हा तिने एवढाच निरोप दिला : “जनावरे जगवण्याची विद्या शिकला होतास ना, असे विचार त्याला माझ्या नावाने.”

तेथे गेल्यावर प्रथम ध्यानी आले ते हे, की आपण दोन वेगळ्या प्राण्यांना एकच नाव दिले आहे. आपला रानससा बिळे करीत नाही. गवतातल्या उथळ खळग्यात अंग चोरून बसतो. युरोपातला ससा जमिनीखाली बिळांची गावेच्या गावे वसवतो. १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून ससे मागवून व्हिक्टोरियातील आपल्या बारवन पार्क या वाडीत सोडले. खंडभर पसरलेल्या सशांचे मूळ मुख्यत्वे त्या एका आयातीत आहे, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने दाखवले. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात शेकडो मैलांचे कुंपण घातले. १९५० साली मिक्सोमॅटोसिस हा रोग मुद्दाम सोडण्यात आला. ससे घटले, पण संपले नाहीत. हेक्टरी एखादा ससा असला तरी तेथील कित्येक देशी झाडांची रोपे वर येऊ शकत नाहीत. म्हणून सशांचा बंदोबस्त ही तेथे जमीनमालकावर कायद्याने टाकलेली जबाबदारी आहे. बिळे यंत्राने उकरून मोडणे हा मुख्य उपाय, बंदूक उरल्यासुरल्यांसाठी.

त्याच आठवड्यात भाच्याला आपल्या पॉइंट बावीसच्या रायफलीवरची दुर्बीण बदलावयाची होती. मीही त्याच्याबरोबर दुकानात गेलो. दुकानदाराने चोवीस पट मोठे दाखवणारी एक भलीमोठी दुर्बीण मोठ्या अभिमानाने पुढे केली. भाच्याने ती हातात न घेताच मान हलवली.

“मामा, हे तुमच्या शाळेतले भागाकाराचे गणित आहे,” तो म्हणाला. पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरांत घ्यावा आणि त्याला पटीने भागावे. उत्तर येईल ती डोळ्याशी पोचणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी. चाळीस मिलिमीटरांचे भिंग नऊ पटींवर ठेवले तर ती साडेचारांहूनही कमी भरते; पाच पटींवर आठ भरते. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटर उघडते, पन्नाशीनंतर पाचांच्या आसपास. म्हणजे पट वाढवीत गेलो की ससा मोठा होतो आणि काळोखही वाढतो. शिवाय मोठ्या पटीत हाताचा कंपही मोठा दिसतो आणि दिसणारे क्षेत्र इतके आकसते की जवळचा ससा सापडतच नाही.

त्याने तीन ते नऊ पटींची, चाळीसच्या भिंगाची एक साधी दुर्बीण निवडली. तीतही दोन गोष्टी बारकाईने पाहिल्या. आतली फुली केसासारखी बारीक असली तर रात्री गवताच्या पार्श्वभूमीवर नाहीशी होते. म्हणून त्याला जाड खुंटांची फुली हवी होती. दुसरे म्हणजे, मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी साधारण शंभर यार्डांच्या हिशेबाने जुळवलेल्या असतात. तीस-चाळीस यार्डांवर डोळा किंचित हलला तरी त्यांतली फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. लहान रायफलीची दुर्बीण पन्नास यार्डांच्या आसपास जुळवलेली असते, तीच घ्यावी. घरी येऊन त्याने कागदावर नेम तपासला. दुर्बीण नळीच्या दीड इंच वर बसत असल्यामुळे अगदी जवळून गोळी फुलीच्या खाली लागते. हे अंतर त्याने पाच, दहा, पंचवीस मीटरांवर मोजून वहीत टिपून ठेवले.

त्या रात्री मी त्याच्यासोबत गेलो. पहिला ससा दिसला तो उंचवट्याच्या माथ्यावर. त्याच्या मागे काय आहे हे दिसत नव्हते, आणि ही लहानशी गोळीही दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. भाच्याने बंदूक खाली केली. दुसऱ्या वेळी दिव्याच्या झोतात नुसते दोन डोळे चकाकले. तो थांबला, थोड्या वेळाने मेंढी खाकरली. तिसरा ससा तीसेक पावलांवर, मातीच्या बांधापुढे बसला होता. एकच बार झाला. ससा जागच्या जागी निमाला. माझ्या पोटात कालवले, हे सांगितलेच पाहिजे.

परतताना मी ताईचा निरोप त्याला शब्दशः सांगितला. तो बराच वेळ चालत राहिला. मग म्हणाला, “मामा, अर्धवट मारलेले जनावर कसे मरते ते मी दवाखान्यात पाहतो. आईला सांगा, ती विद्या विसरलो नाही म्हणूनच दुर्बीण इतकी पारखून घेतो.”

मारणे योग्य की अयोग्य, हा वाद मी त्याच्याशी घातला नाही. एका माणसाची हौस दीडशेहून अधिक वर्षे एका खंडाला छळते, तिचे प्रायश्चित्त कोणी घ्यावे याचे उत्तर मजपाशी नाही. परंतु ज्याला मारावे लागते त्याने तरी अंधारात, अंदाजाने मारू नये, एवढे मला पटले. हौसेने सोडणारा आणि कर्तव्य म्हणून वेचणारा यांत मला तरी भाचा अधिक दयाळू वाटतो.

परत आल्यावर ताईला मी सारे सांगितले, भागाकारसुद्धा. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, “किती लांबून मारतो?” मी म्हटले, “पन्नास पावलांच्या आत. खात्री नसली तर मारीतच नाही.” ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी तिने त्याला फोन केला. आता दर आठवड्याला मायलेकरांचे बोलणे होते. सशांचा विषय मात्र अद्याप दोघांपैकी कोणीही काढीत नाही.