औरादचं वारं, गोल्डन गेटचं पाणी

औराद म्हणजे कर्नाटकाचं अगदी वरचं टोक. उदगीर आणि देगलूर हाकेवर, बंगळूर मात्र एका रात्रीचा प्रवास. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, उदगीर मुंबई राज्याकडे गेलं आणि आम्ही बीदरबरोबर म्हैसूरकडे. घरातली मराठी तशीच राहिली. समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर लांब. पाण्याशी आमची ओळख विहिरीतली, पाठीला वाळका भोपळा बांधून. जरा मोठं झालं की मांजरा नदी.

वारं मात्र औरादकराला कळतं. खळ्यावर ज्वारी उपणताना आजोबा आधी मूठभर भूस सोडून बघायचे. वारं मंद असेल तर सूप डोक्याच्या वर धरायचं. जोराचं असेल तर हात खाली घ्यायचा, नाहीतर भुसाबरोबर दाणेही उडून जातात. आता कॅलिफोर्नियात विंडसर्फिंगला निघालो की मी तेच करतो, फक्त सुपाच्या जागी शीड असतं.

सॅन फ्रान्सिस्कोत गोल्डन गेट पुलाजवळ क्रिसी फील्ड नावाचा किनारा आहे. उन्हाळ्यात आतलं मोठं खोरं आपल्या एप्रिलसारखं तापतं, तिथली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा त्या एवढ्याशा फटीतून आत घुसते. त्यामुळे दुपारनंतर १५ ते २५ नॉट वारा जवळजवळ रोजचा. (२० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर.) खरी गंमत ओहोटीची. खाडीचं पाणी बाहेर धावतं, वारा आत येतो, दोघं समोरासमोर भिडतात आणि उंच, तुटक, जवळजवळच्या लाटा उभ्या राहतात. पाणी उन्हाळ्यातही १४-१५ अंशांच्या आसपास, म्हणजे वेटसूट हवाच. वारा पडला आणि ओहोटी चालू असली, तर पाणी माणसाला पुलाखालून थेट पॅसिफिककडे घेऊन जातं. म्हणून इथे सामान निवडणं म्हणजे परत किनाऱ्याला लागायची तयारी.

आधी बोर्ड. रुंद, सपाट, शर्यतीचा बोर्ड शांत पाण्यावर सुरेख पळतो, पण अशा लाटांवर तो थाडथाड आपटतो आणि त्याचं नाक वारा उचलतो. अरुंद, कडा गोलसर, बुडाला थोडा व्हीचा आकार असलेला बोर्ड पाणी कापत जातो. मग अगदी लहानच का नको? कारण क्रिसीला किनाऱ्यालगत वारा मंदावतो, आणि लहान बोर्ड तिथे पायाखाली बुडतो. बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये मोजतात. ७५ किलोच्या माणसाला मी ९५ ते १०५ लिटर सांगेन. दुकानदार त्याहून लहान बोर्डाची भुरळ घालतील. वेटसूटचं आणि ओल्या शिडाचं वजनही तुमच्याच बोर्डावर असतं, एवढं लक्षात ठेवायचं.

शिडाचा हिशेब तुलनेनं सोपा. त्याच माणसाला २० नॉटला साधारण ५ ते ५.५ चौरस मीटर, २५ नॉटला ४.५ च्या आसपास. कॅम्बर नसलेलं, हलकं शीड घ्यावं. कॅम्बरचं शीड पडलं की बाहीत पाणी भरतं आणि ते उचलताना जीव जातो. कापड जाळीचं असेल तर उत्तम. आणि डाउनहॉल, म्हणजे शीड खाली ताणणारी दोरी, सढळ हातानं ओढावी. वरचा भाग सैल पडला की वाऱ्याचा झोत तिथून निसटतो, हातांना हिसका बसत नाही.

फिनकडे नवखे बघतच नाहीत. बोर्डाबरोबर आलेला लांब, उभा फिन भर वेगात बोर्डाला खालून उचलतो. सपाट पाण्यावर ते हवंसं वाटतं. खवळलेल्या पाण्यात बोर्ड हवेत तरंगू लागतो आणि पायांचा ताबा सुटतो. शिवाय लाटेवरून उडून पाण्यात पडताना फिनवर हवा ओढली जाते, पकड जाते आणि शेपूट बाजूला घसरतं. १०० लिटरच्या बोर्डाला २८ ते ३२ सेंटिमीटरचा, मागे झुकलेला फिन मला पुरतो. थोडा वेग जातो, वाऱ्याकडे चढताना जास्त येरझारा पडतात. जाऊ देत. बोर्ड तरीही उडतोय असं वाटलं तर मास्टचा पाया दोन सेंटिमीटर पुढे सरकवायचा, नाक खाली बसतं. फूटस्ट्रॅप आतल्या भोकांत लावायचे.

हा खेळ तसा तरुण आहे. हॉयल श्वाइत्झर आणि विमानांचा अभियंता जिम ड्रेक यांनी १९६८ साली कॅलिफोर्नियातच त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला; १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो आला. आपल्या इबाद अलीनं हांगचौच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली त्यात कांस्य मिळवलं.

भारतात राहणाऱ्या भाचे-पुतण्यांनी त्यासाठी इतक्या लांब यायला नको. गोव्यात दोना पावलाला पावसाळा सोडून दुपारी समुद्राकडून वारा लागतो, पाणी कोमट असतं आणि शिकायला पुरेसं शांतही. भाड्यानं सामान घेताना सगळे शिडाचा आकार विचारतात. तुम्ही बोर्ड उलटा करून फिन किती सेंटिमीटरचा आहे ते आधी बघा, आणि मग ओहोटी कधी लागते ते विचारा.