सभासदत्वाचे दार

प्रिय मित्रवर्य,


प्रत्यक्ष लोकशाहीच्या प्रसारासाठी आपण जे मंडळ स्थापन करीत आहात, त्याच्या नियमावलीतील सर्वांत अवघड कलम नव्या सभासदांच्या प्रवेशाचे आहे. कारण मंडळाचे तत्त्व आणि मंडळाची भीती ही दोन्ही त्याच एका कलमात समोरासमोर येतात. मसुद्यात सुचवलेला नियम असा की, अर्जदाराचे नाव मासिक सभेपुढे ठेवावे आणि उपस्थितांच्या गुप्त मतदानात बहुमत मिळाल्यास त्याला सभासद करून घ्यावे. वरकरणी हा नियम मंडळाच्या नावाला साजेसा दिसतो. तथापि, जेथे जेथे प्रत्यक्ष लोकशाही खरोखर नांदली, तेथील अनुभव या नियमाच्या विरोधात जातो, आणि तो अनुभव सविस्तर मांडणे हा या पत्राचा हेतू आहे.

प्रथम मंडळाचे कार्य स्पष्ट व्हावे. प्रत्यक्ष लोकशाही म्हणजे प्रतिनिधींवर सर्व काही न सोपवता नागरिकांनी स्वतः निर्णय घेण्याची व्यवस्था. तिची दोन प्रमुख साधने आहेत. पहिले सार्वमत, म्हणजे एखादा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवणे. गोव्याने १६ जानेवारी १९६७ रोजी विलीनीकरणाच्या प्रश्नावर दिलेला जनमत कौल मराठी वाचकाला परिचित आहे. दुसरे उपक्रम, म्हणजे ठरावीक संख्येच्या मतदारांनी सह्या करून आपला प्रस्ताव मतदानास आणणे. स्वित्झर्लंडमध्ये संघराज्याच्या घटनेत बदल सुचवण्यासाठी १८ महिन्यांत १ लाख सह्या जमवाव्या लागतात. ही साधने जेथे नाहीत तेथे ती मिळवण्यासाठी झटणाऱ्या संस्था असतात, आणि १ ऑक्टोबर १९९५ रोजी बव्हेरियाच्या मतदारांकडून नगरपालिका पातळीवरील सार्वमताचा हक्क मंजूर करून घेणारी जर्मनीतील ‘मेअर डेमोक्राटी’ ही संस्था त्यांपैकी एक होय. अशा संस्थेचे सारे प्रतिपादन एकाच विधानावर उभे असते: सामान्य माणूस सार्वजनिक निर्णय घेण्यास पात्र आहे. दारात उभा असलेला अर्जदार हा तोच सामान्य माणूस असतो, आणि म्हणून त्याच्याशी मंडळ कसे वागते यावरून त्या प्रतिपादनाची पहिली परीक्षा होते.

प्राचीन अथेन्समध्ये नागरिकत्वाची नोंद ‘डेमॉस’ या गाववार घटकात होत असे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की डेमॉसचे सदस्य शपथ घेऊन त्याच्या नोंदणीवर मत देत. परंतु ते मत दोनच गोष्टींवर असे, त्याचे वय पुरे झाले आहे काय आणि तो स्वतंत्र असून त्याचा जन्म कायद्याप्रमाणे झाला आहे काय. म्हणजे मतदान होते ते वस्तुस्थितीवर, आणि माणूस आवडतो की नावडतो हा प्रश्नच तेथे गैरलागू होता. शिवाय जन्माने स्वतंत्र नसल्याचे सांगून कोणाला नाकारले गेले, तर त्याला न्यायालयात दाद मागता येई. इतकी काळजी घेऊनही ही व्यवस्था कशी वाकवता येते, हे डेमॉस्थेनीसने रचलेल्या एका भाषणात दिसते. इसवी सनपूर्व ३४६ च्या सुमारास सर्व नोंदवह्यांची फेरतपासणी झाली, तेव्हा हालिमूस या डेमॉसने युक्सिथिऑस याचे नाव कमी केले. त्याची तक्रार अशी की, त्याचे वैर असलेल्या पुढाऱ्याने त्याचे प्रकरण मुद्दाम अंधार पडेपर्यंत लांबवले, तोवर बहुतेक सदस्य आपापल्या शेतांवर परतले होते, उरलेले तीसच्या वर नव्हते, आणि मते मात्र साठांहून अधिक निघाली. ही एका पक्षकाराची बाजू आहे हे मान्य करूनही तिच्यातून निघणारा बोध पक्का राहतो: सभेची वेळ, गणसंख्या आणि मतमोजणी यांवर ज्याचा ताबा, त्याच्याच हाती दाराची किल्ली जाते.

आधुनिक काळातील उदाहरण याहून बोलके आहे. ल्युसर्न प्रांतातील एमन या नगराने परदेशी रहिवाशांच्या नागरिकत्वाचे अर्ज थेट मतपेटीत निकाली काढण्याची पद्धत स्वीकारली होती, आणि मार्च २००० मधील मतदानात इटालियन अर्जदार तेवढे स्वीकारले जाऊन पूर्वीच्या युगोस्लाव्हियातून आलेले अर्जदार नाकारले गेले. स्वित्झर्लंडच्या संघीय न्यायालयाने जुलै २००३ मध्ये ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. नकार हा व्यक्तीच्या हक्कांना स्पर्श करणारा निर्णय आहे, अशा निर्णयाला कारणे द्यावी लागतात, आणि गुप्त मतपेटी कारण देऊ शकत नाही, असा त्या निवाड्याचा आशय होता. पुढे ही पद्धत परत आणू पाहणारा उपक्रम १ जून २००८ रोजी देशभरच्या मतदानास आला, तेव्हा सुमारे ६४ टक्के मतदारांनी तो फेटाळला. प्रत्यक्ष लोकशाहीत मुरलेल्या समाजाने आपल्या हातून गेलेले हे हत्यार परत घेण्यास आपणहून नकार दिला, ही गोष्ट मंडळाने विशेष ध्यानात घ्यावी. धोरणावर मतदान करणे आणि माणसावर मतदान करणे यांत जो भेद आहे, तो तेथील सामान्य मतदाराने ओळखला.

याउलट, प्रवेशाबाबत अत्यंत काटेकोर राहणाऱ्या संस्थेचेही समर्थन होऊ शकते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजात येणाऱ्याला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत आणि पाच वर्षे उमेदवारीत काढावी लागत. गोखल्यांच्या निधनानंतर, १९१५ मध्ये, गांधीजींनी समाजाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला, तेव्हा काही सदस्य अनुकूल आणि काही तीव्र प्रतिकूल झाले; सभेत फूट पडते आहे असे दिसताच गांधीजींनी आपला अर्ज स्वतःच मागे घेतला. निसटत्या बहुमताने आत जाण्यात ना आपले भले ना संस्थेचे, हा त्यामागचा विचार आजही आदर्श वाटतो. परंतु भारत सेवक समाज हे अल्प वेतनावर आयुष्य वाहून घेणाऱ्यांचे एक कुटुंब होते, आणि कुटुंबात एकाचाही तीव्र विरोध जड जातो. आपले मंडळ सह्या गोळा करणाऱ्यांचे, गावोगावी कायदा समजावून सांगणाऱ्यांचे आहे. त्याच्या सभासदांनी एकमेकांवर प्रेम करण्याची गरज नाही, एकत्र निर्णय घेण्याची रीत मान्य करणे पुरेसे आहे.

आता सुरुवातीस उल्लेखलेल्या भीतीचा विचार केला पाहिजे, कारण ती खोटी नाही. निवडणुकीच्या तोंडावर एखाद्या गटाने आपली माणसे भराभर नोंदवावीत आणि एका सभेत संस्था ताब्यात घ्यावी, किंवा सत्तेवरील गटाने विरोधकांचे अर्ज वर्षानुवर्षे दाबून ठेवावेत, हे दोन्ही रोग महाराष्ट्राला सहकारी संस्थांमुळे चांगले ठाऊक आहेत. म्हणूनच महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यात ‘खुले सभासदत्व’ हे तत्त्व लिहिले गेले, म्हणजे पात्र व्यक्तीला पुरेशा कारणावाचून नाकारता येत नाही, नाकारल्यास निर्णय कारणांसह कळवावा लागतो, तीन महिन्यांत निर्णय न कळवल्यास अर्जदार सभासद झाला असे मानले जाते, आणि निबंधकाकडे अपील करता येते. स्वतःच्या राज्यात तावून सुलाखून निघालेली ही चौकट हाताशी असताना मंडळाने तिच्यापासून दूर जाण्याचे कारण नाही.

दुसरा आधार गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाचा आहे. तेथील ग्रामसभा बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेते, आणि निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी गावात अभ्यासगट चालतात. अभ्यासगटात बाहेरचा माणूसही बसू शकतो, बोलू शकतो, आपली माहिती देऊ शकतो. निर्णय मात्र ग्रामसभेचा असतो. चर्चेचे दार आणि निर्णयाचे दार ही दोन वेगळी दारे आहेत, हा त्या गावाने घालून दिलेला धडा प्रवेशाच्या प्रश्नाची अर्धी गाठ सोडवतो.

या सर्वांवरून नियमाचे रूप असे सुचते. अर्जदाराकडून एकच लेखी मान्यता घ्यावी की, ठरलेल्या रीतीने झालेला निर्णय आपल्या मताविरुद्ध गेला तरी अर्जदार तो पाळील, आणि निर्णय बदलायचा तर त्याच रीतीने बदलण्याचा प्रयत्न करील. त्याचा पक्ष, धर्म, जात किंवा अर्थकारणाविषयीची मते विचारू नयेत, मात्र तो एखाद्या पक्षाचा पदाधिकारी असल्यास ते त्याने उघड करावे. अर्ज देताच त्याला चर्चेत आणि अभ्यासात पूर्ण भाग मिळावा. मताचा हक्क सहा महिन्यांनी आपोआप मिळावा, म्हणजे ऐन मतदानाआधी गर्दी करून काही साधणार नाही, आणि हा काळ सर्वांना सारखाच असल्याने कोणाचा अपमानही होणार नाही. नकार केवळ सिद्ध होणाऱ्या वस्तुस्थितीवर, लेखी कारणांसह द्यावा, आणि त्यावरील अपील चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या सात सभासदांनी ऐकावे, ज्यामुळे नाकारणारे आणि अपील ऐकणारे एकच राहणार नाहीत. हे कलम बदलण्यासाठी मात्र साधे बहुमत पुरेसे मानू नये.

शेवटी एक गोष्ट मंडळाच्या पहिल्या सभेत सर्वांनी ऐकावी अशी आहे. स्वित्झर्लंडच्या आपेन्झेल इनरऱ्होडन या प्रांतात नागरिक दरवर्षी एप्रिलच्या अखेरच्या रविवारी चौकात उभे राहून हात वर करून मतदान करतात. देशपातळीवर स्त्रियांना १९७१ मध्ये मताधिकार मिळाला, तरी या चौकातील पुरुषांनी एप्रिल १९९० मध्येही त्यांना बहुमताने नाकारले, आणि त्याच वर्षी संघीय न्यायालयाला तो हक्क द्यावा लागला. त्या बहुमतात मोजणीची चूक नव्हती. उणीव एवढीच होती की, ज्यांचा प्रश्न होता त्या चौकाबाहेर उभ्या होत्या. दाराचा निर्णय केवळ आतल्यांच्या मर्जीवर सोडला, तर बाहेरच्याचे मत कधीच मोजले जात नाही. त्याच्या वतीने बोलण्यासाठी आधीच लिहून ठेवलेला नियम हवा. १९९१ च्या एप्रिलमध्ये स्त्रिया त्या चौकात आल्या, आणि सभा आजही तेथेच, त्याच रीतीने भरते.

मसुदा पक्का करण्यापूर्वी या मुद्द्यांचा विचार व्हावा, ही आग्रहाची विनंती. कळावे, लोभ असावा.

आपला स्नेहांकित