दांडिया बाजार ते कमाटी बाग : तीन तरुणांच्या वाटेवरून

बाहेरगावचे पाहुणे आले की आपण बडोदेकर त्यांना ठरलेल्या गोष्टी दाखवतो. लक्ष्मी विलास राजवाडा, सूरसागर, कीर्तिमंदिर, संध्याकाळी सेव-उसळ आणि निघताना भाकरवडीचा पुडा. पाहुणे खूश, आपणही खूश.

हल्ली मात्र आपल्याकडे येणारी पंचविशीतली भाचरे-पुतणे राजवाडा आधीच मोबाईलवर बघून आलेली असतात. त्यांच्या मनात वेगळेच काही चालू असते. पुण्याहून दिवाळीला आलेल्या माझ्या भाचीचे तसेच होते. पगार चांगला, फोनमध्ये ध्यान शिकवणारे ॲप, उशाशी दोन-तीन "आनंदी कसे व्हावे" छापाची पुस्तके. तरी एका रात्री म्हणाली, "मावशी, हे सगळं मी कशासाठी करतेय तेच कळत नाही." नोकरी सोडायची म्हणत होती. घरी आईवडिलांचा जीव टांगणीला लागलेला. उपदेश करायला मी कोण? तिला म्हटले, उद्या सकाळी चालायला चल. या गावात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तीन तरुणांना हाच प्रश्न पडला होता. त्यांच्या जागा दाखवते.

पहिला मुक्काम दांडिया बाजार. आपल्या मराठी वस्तीचा हा जुना भाग. इथला अरविंद निवास आपण जाता-येता पाहतो, पण आत शिरतोच असे नाही. हा बंगला खासेराव जाधवांचा. अरविंद घोष १८९३ साली विलायतेहून परतले आणि सयाजीराव महाराजांच्या नोकरीत लागले, तेव्हा ते विशीतले होते. पुढची जवळजवळ तेरा वर्षे त्यांनी बडोद्यात काढली. आधी सरकारी खात्यांत, मग बडोदा कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजीचे प्राध्यापक. बंगालीच नव्हे, तर मराठी आणि गुजरातीही ते इथेच शिकले. खासेराव आणि माधवराव जाधव, केशवराव देशपांडे ही त्यांची जवळची मंडळी. म्हणजे मराठी घरांतच त्यांची उठबस.

प्राणायाम त्यांनी बडोद्यातच सुरू केला होता. रोज कित्येक तास करत. पण राजकारणाची धावपळ वाढली, तो मागे पडला आणि गाडी अडली. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेची काँग्रेस उधळली गेली. त्यानंतर अरविंद बडोद्याला आले ते देशभर नाव झालेले पुढारी म्हणून. त्या गडबडीत, जानेवारी १९०८ मध्ये, विष्णू भास्कर लेले या मराठी साधकाशी त्यांची गाठ घालून दिली गेली. लेल्यांनी त्यांना सरदार मुजुमदारांच्या वाड्यातल्या वरच्या मजल्यावर नेले आणि दार लावून घेतले. सूचना साधी होती. विचारांशी भांडू नका; ते बाहेरून येताना दिसतील, आत शिरण्याआधी त्यांना बाजूला करा. तीन दिवसांत मन पूर्ण शांत झाले, असे अरविंदांनी स्वतः पुढे नोंदवले आहे.

अरविंद निवासाच्या शांत खोलीत आम्ही पंधरा-वीस मिनिटे बसलो. बाहेर दांडिया बाजाराचे भोंगे चालूच होते. बाहेर आल्यावर भाचीने विचारले, "मग त्यांनी राजकारण सोडलं?" नाही. त्याच महिन्यात त्यांना मुंबईच्या सभेत बोलायचे होते. मन इतके रिकामे की बोलायला विचारच येईना. लेल्यांनी सांगितले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, शब्द येतील. त्यांनी तसे केले आणि भाषण झाले. शांतता मिळाली म्हणून कामाला सुट्टी मिळाली नाही. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांना अटक झाली आणि वर्षभर अलीपूरचा तुरुंग सोसावा लागला.

पुढे रावपुऱ्यातून, कोठीवरून चालत काळा घोड्याकडे आलो. विश्वामित्रीच्या पुलावर थांबून मगर दिसते का ते पाहिले. त्या दिवशी दिसली नाही. तिथून थोडे पुढे बडोदा कॉलेजचा तो भव्य घुमट, आजची आपली आर्ट्स फॅकल्टी. अरविंदांनी नोकरी सोडल्यावर काही वर्षांनी याच कॉलेजात विनायक नरहरी भावे नावाचा कोकणातल्या गागोदे गावचा मुलगा दाखल झाला. वडील बडोद्यात, म्हणून शिक्षणही बडोद्यात. गणितात हुशार, चालण्याचे वेड, ग्रंथालयात तासन्‌तास. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेतून बोर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालये उभारायला घेतली होती, त्या काळातला हा वाचक.

या मुलाला पदवीत रस वाटेनासा झाला. एक दिवस आई चुलीपाशी बसलेली असताना त्याने आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला, सुरतेला उतरला आणि काशीची वाट धरली. वय वीस.

इथे भाचीचे डोळे चमकले. मी म्हटले, पुढचे ऐक. काशीत असताना गांधीजींच्या हिंदू विश्वविद्यालयातल्या भाषणाची चर्चा त्याच्या कानावर आली. पत्रव्यवहार झाला आणि जून १९१६ मध्ये तो अहमदाबादच्या कोचरब आश्रमात पोचला. गांधीजी भाजी चिरत बसले होते. त्यांनी त्यालाही सुरी दिली. ब्रह्म शोधायला निघालेल्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशी भाजी आली, मग दळण, सूत, सफाई. विनोबा झाले ते या कामांतून. आणि आईसाठी गीता मराठीत आणायची राहिली होती ती 'गीताई' १९३२ साली छापून आली, तेव्हा आईला जाऊन चौदा वर्षे झाली होती. कागद जाळायला क्षण पुरला. त्यामागचे काम जन्मभर पुरले.

शेवटचा मुक्काम कमाटी बाग, म्हणजे सयाजी बाग. १८७९ मध्ये महाराजांनी उभारलेली. रविवारी तिथे फुगेवाले, भेळ, सगळी जत्रा असते. याच बागेत एक जागा आहे, तिला संकल्पभूमी म्हणतात. दांडिया बाजारातून निघालेले आपले पाय तिकडे सहसा वळत नाहीत. ते वळायला हवेत.

सप्टेंबर १९१७. भीमराव आंबेडकर, वय सव्वीस. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले. कराराप्रमाणे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पण या गावात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी उतारूखान्यात पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला, संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाला. दोन मित्रांकडे विचारले, दोघांनीही टाळले. मग गाडीची वेळ होईपर्यंत ते या बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. त्यांनी स्वतः ही हकीकत लिहून ठेवली आहे. वाचताना आपण बडोदेकरांनी मान खाली घालावी अशी ती आहे. ज्या राजाचा आपल्याला अभिमान आहे त्याच्याच राजधानीत हे झाले, आणि राजाच्या हुकुमाने शेजाऱ्याचे मन बदलत नाही हेही तिथेच दिसले.

आम्ही तिथे बराच वेळ काही बोललो नाही. मग भाची म्हणाली, "यांना कुणी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या म्हटलं असतं तर?"

प्रश्न बरोबर होता. त्या दिवशी त्या तरुणाचे मन अस्वस्थ होते, कारण जग चुकीचे वागले होते. ती अस्वस्थता नुसती शमवून टाकली असती तर १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ चे महाड कुठून आले असते? काही अस्वस्थता विचारांच्या गर्दीमुळे येते, तिला लेल्यांचा उपाय लागू पडतो. काही चुकीच्या वाटेवर असल्यामुळे येते, तिथे सुरतेला उतरावे लागते. आणि काही अन्याय दिसतो म्हणून येते, तिच्यावर औषध शोधायचे नसते, ती ऐकायची असते. आपली कुठली, हे ओळखण्यातच निम्मे काम आहे. (झोप, भूक दोन्ही उडाली असेल तर मात्र आधी चांगल्या डॉक्टरकडे जावे, त्यात कमीपणा नाही.)

भाचीने अजून राजीनामा दिलेला नाही. जानेवारीपर्यंत थांबते म्हणाली. ॲप ठेवले आहे. शनिवारी कामगारांच्या मुलांना गणित शिकवायला जाते, एवढे नवे.

आपल्या घरी असे तरुण पाहुणे आले तर ही फेरी जरूर करा. हिवाळ्यातली सकाळ उत्तम. अरविंद निवासात चपला बाहेर, मोबाईल बंद. सगळे रमतगमत चालायला अर्धा दिवस धरा, पायात आरामाचे जोडे असू द्या. वाटेत रावपुऱ्यात चहा घ्या. आणि एवढेच सांभाळा, चालताना आपण कमी बोलायचे. प्रश्न त्यांना विचारू द्यायचे.