हार घातलेल्या फोटोखालचं घर

१९९५ साली झी टीव्हीवर ‘हम पाँच’ सुरू झाली, तेव्हा केबलची काळी वायर चंद्रपुरात गच्चीवरून गच्चीवर, मध्येच एखाद्या आंब्याच्या फांदीला गुंडाळून, घराघरांत उतरू लागली होती. ऊर्जानगर, दुर्गापूर, बल्लारपूरच्या पेपर मिलचे क्वार्टर, घुग्घुस-माजरीच्या कोळसा खाणींच्या वसाहती, सगळीकडे हेच चित्र. ज्यांच्याकडे केबल नव्हती त्यांची पोरं ज्यांच्याकडे होती त्यांच्या घरी जाऊन चटईवर बसत. कुणी कुणाला बोलावत नसे आणि कुणी कुणाला उठवतही नसे. गडचिरोलीकडच्या चुलत-मावस भावंडांकडे मात्र अजून अँटेना आणि दूरदर्शनच. ती सुट्टीत चंद्रपूरला आली की पहिल्याच दिवशी विचारत, ‘काजलभाई कधी लागते वं?’

मालिका पाच मुलींची म्हणून आम्ही ओळखायचो. हक्कांसाठी भांडणारी मीनाक्षी, कमी ऐकू येणारी चष्मेवाली राधिका, सौंदर्यस्पर्धेची स्वप्नं बघणारी स्वीटी, पोरांवर दादागिरी करणारी काजल आणि घरोघरच्या बातम्या आणणारी छोटी. पुढे मोठी झालेली विद्या बालन याच राधिकेच्या भूमिकेत काही काळ होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पण या घराचा पाया विनोदाचा नव्हता. आनंद माथुरची पहिली बायको वारली होती. त्याने दुसरं लग्न केलं होतं. थोरल्या मुली पहिलीच्या, धाकट्या दुसरीच्या, आणि भिंतीवर पहिलीचा फोटो. हा फोटो बोलायचा. आनंद दमून-चिडून त्याच्यासमोर उभा राहिला की ती त्याला समजवायची, टोमणे मारायची, हसायची.

आनंद होते आपले अशोक सराफ आणि फोटोतली बाई प्रिया तेंडुलकर. हिंदी मालिका असूनही ती आमच्या आयांना परकी वाटली नाही, त्याचं एक कारण हेच असावं. अशोक सराफांना त्या मराठी सिनेमांतून ओळखत होत्या आणि प्रिया तेंडुलकर म्हणजे १९८५ च्या ‘रजनी’तली, दुकानदाराला आणि सरकारी बाबूला जाब विचारणारी बाई. ‘ही तं रजनी हाय!’ असं म्हणत स्वयंपाकघरातून हात पुसत येणाऱ्या बायका आमच्यापैकी अनेकांना आठवतील. एवढी बोलकी बाई चौकटीत बसवली, तरी ती गप्प राहणार नव्हती.

हार घातलेला फोटो आमच्या घरांत नवा नव्हता. खाणीतला अपघात, जंगलातला मलेरिया, बाळंतपणातला मृत्यू, रस्त्यावरचा ट्रक, या जिल्ह्यांत अशा कारणांनी माणसं अवेळी जात. बायको गेली की वर्षाच्या आत बिजवर म्हणून स्थळं बघायला सुरुवात होई, कारण ‘लेकरांकडे कोण पाहील?’ हा प्रश्न सगळ्यांना पटणारा होता. दुसरी येई. देव्हाऱ्यातला पहिलीचा टाक तीच घासून पुसून ठेवी, तिच्या नावाने सवाष्ण तीच जेवू घाली. घरात पहिलीचा मान असे, पण तिच्याविषयी बोलणं नसे. पोरांनी ‘आमची आई’ असा उल्लेख केला की जेवताना सगळे ताटाकडे बघत. ‘हम पाँच’मध्ये गेलेल्या बाईचं नाव घेऊन घर हसत होतं. आमच्या पिढीने बघितलेली ही फार मोठी गोष्ट होती, असं मला आजही मनापासून वाटतं. नवा संसार मांडायला जुना पुसून टाकावा लागत नाही, हे कुणी आम्हाला समोर बसवून शिकवलं नव्हतं.

नवरा गेलेल्या बाईचं मात्र वेगळं होतं. वसाहतीत ती ‘अनुकंपावर लागायची’. नवऱ्याच्या जागी कार्यालयात, दवाखान्यात किंवा स्टोअरमध्ये तिला काम मिळे. काल-परवापर्यंत दारात रांगोळी काढणारी काकू आज डबा घेऊन ड्युटीच्या बसला उभी दिसे. तिने नव्याने सुरुवात केली होती, आणि ती सोपी नव्हती. पण तिच्या सुरुवातीत दुसऱ्या माणसाला जागा नव्हती. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसे. तिचं वय तीस असो की पस्तीस, लग्नाचा विषय कुणी काढत नसे, निदान आमच्या, स्वतःला सुधारलेली म्हणवणाऱ्या घरांत. गोंड आणि कुणबी समाजांत विधवेचा पाट लावण्याची रीत कितीतरी जुनी. रात्रीच्या वेळी, गाजावाजा न करता का होईना, तिचा संसार पुन्हा मांडला जाई. म्हणजे वाट आमच्याच जिल्ह्यांत होती. शिकलेली माणसं तिच्याकडे पाठ करून बसली होती.

दिवाळीनंतर गावी गेलो की याच विषयाचं दुसरं रूप दिसे. भाऊबीजेपासून मंडई सुरू होई. दिवसा बैलांचा शंकरपट, रात्री नाटक. वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीचं माहेरघर. तिथल्या कंपन्यांच्या तारखा गावोगावचे लोक आधीच बांधून येत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांत धान निघालं की हा हंगाम सुरू होई आणि होळीच्या आसपासपर्यंत चाले. तणसावर सतरंजी टाकून, ब्लँकेट पांघरून आम्ही पहाटेपर्यंत बसायचो. परशुराम खुणे यांच्यासारखा नट रंगमंचावर आला की हसून पोट दुखे. त्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्यातल्या पुष्कळांना आपल्याच गावाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं. या नाटकांत विधवा सून, पोरकी लेकरं, पश्चात्ताप करणारा सासरा हमखास असत. आया पदराने डोळे पुसत आणि दुसऱ्याच क्षणी विनोदी नटाला दाद देत. नाटकाला पाहुणे गावोगावहून येत, त्यामुळे सकाळी चहाच्या वेळी सोयरिकीही जुळत. बिजवराच्याही जुळत. रंगमंचावरचं रडणं आणि अंगणातली बोलणी यांत फार अंतर नव्हतं.

नवरा गेलेल्या बाईची गोष्ट पडद्यावर हसत-खेळत यायला मात्र २०१९ उजाडलं. २२ जुलैला झी मराठीवर ‘अग्गंबाई सासूबाई’ सुरू झाली. आसावरी, तिचा लाडावलेला मुलगा बबड्या, कडक सासरे, आणि सासूचं लग्न लावून द्यायला कंबर कसलेली सून शुभ्रा. आसावरी झाल्या होत्या निवेदिता सराफ, अशोक सराफांच्या पत्नी. नवऱ्याने चोवीस वर्षांपूर्वी बायको गेलेल्या माणसाचा दुसरा संसार उभा केला होता, आता बायकोने नवरा गेलेल्या बाईचा केला. गिरीश ओक यांचा शेफ अभिजीत राजे घरी येऊन स्वयंपाक करतो हे बघून आमच्या आया हरखून जात. सासऱ्यांच्या भूमिकेतले रवी पटवर्धन डिसेंबर २०२० मध्ये गेले, ती भूमिका पुढे मोहन जोशींनी केली. मालिका पुढे बरीच रेंगाळली, बबड्याचे हट्ट सहन होईनात. पण लग्नापर्यंतचा भाग मला फार मोलाचा वाटतो. डबा घेऊन बसला उभ्या राहिलेल्या त्या काकू आता निवृत्त झाल्या होत्या आणि रोज रात्री साडेआठला टीव्हीसमोर बसत होत्या.

मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, चित्रीकरणं थांबली, आणि एप्रिलमध्ये झी टीव्हीने जुनी ‘हम पाँच’ पुन्हा दाखवायला घेतली. प्रिया तेंडुलकर २००२ सालीच गेल्या होत्या. आता त्या चौकटीतलं हसणं बघताना घशात काहीतरी अडकत होतं. आम्ही आनंद माथुरच्या वयाला येऊन पोचलो होतो. आणि पहिल्यांदाच आमचं लक्ष शोमा आनंदच्या बीनाकडे गेलं. लहानपणी ती आम्हाला नुसती त्रागा करणारी आई वाटायची. आता दिसलं की ही बाई पहिलीच्या मुली वाढवते आहे, तिच्या फोटोखाली रोज वावरते आहे, आणि नवरा आपलं मन त्या फोटोपाशी मोकळं करतो आहे. या घराचा खरा भार तिने उचलला आहे.

आमच्या वसाहतीत अशाच दुसरेपणावर आलेल्या एक काकू होत्या. त्या दिवसांत त्यांना मुद्दाम फोन केला. इकडचं-तिकडचं झाल्यावर त्या आपणहून बोलत्या झाल्या. लग्न होऊन आल्यावर पहिलं वर्षभर पोरं जेवायचीच नाहीत. आई करायची तशी वांग्याची भाजी पाहिजे म्हणायची. कशी करायची ते कुणाला सांगता येईना. नवऱ्यालाही नाही. शेवटी शेजारणींना विचारत विचारत, कधी जवस घाल, कधी भिजवलेली डाळ घाल, असं करून त्यांनी ती भाजी जमवली.

‘हम पाँच’ बघायचात का, असं विचारलं.

‘पाहात होतो ना. मले ते फोटोतलीच आवडे. आपल्या घरची तं कधी बोललीच नाही. बोलली असती तं बरं झालं असतं. पोराइले काय आवडते, ते तरी तिनं सांगितलं असतं.’