पणत्या रंगवणाऱ्या हातांना पगार कधी?

वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की आपल्याकडे तरुण मतदार होतो, कॉलेजला जातो, कामधंदा शोधतो. बौद्धिक दिव्यांग तरुणही मतदार होतो, पण त्याच सुमारास त्याची विशेष शाळा संपते. पुढची तीस-चाळीस वर्षे त्याने काय करायचे, हा प्रश्न त्याच्या आईखेरीज कुणालाच पडत नाही.

कायद्याला तो पडला होता. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा बघा. कलम ३१ मध्ये सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आहे. पण कायदा तिथे थांबत नाही. कलम १८ प्रौढ शिक्षणात दिव्यांगांना समान सहभाग देते. कलम १९ तर बौद्धिक दिव्यांगांसाठी बाजारपेठेशी जोडलेले खास कौशल्य प्रशिक्षण द्यायला सांगते. त्याच्याही आधी संविधानाच्या कलम ४१ ने काम, शिक्षण आणि अपंगत्वात सार्वजनिक साहाय्य यांचा उल्लेख केलेला आहे. २०११ च्या जनगणनेत देशातले २.६८ कोटी लोक दिव्यांग नोंदवले गेले, त्यात सुमारे १५ लाख बौद्धिक दिव्यांग होते. कागदावर हे सगळे नागरिक आहेत. प्रत्यक्षात ते कुठे आहेत?

आम्ही काही कार्यकर्ते उत्तर नागपुरातल्या वस्त्यांमध्ये घरोघरी फिरतो. समाजशास्त्राच्या वर्गात 'सामाजिक बहिष्करण' ही संकल्पना आम्ही पाठ केली होती. वस्तीत ती दाराला बाहेरून लावलेल्या कडीत दिसली. आई धुण्याभांड्याला, बाप बांधकामावर आणि पंचविशीतला मुलगा आत. कुणी म्हणेल, केवढे निर्दय आईबाप! आम्ही विचारतो, त्या आईने दुसरे काय करायचे? तो बाहेर गेला तर पोरं 'येडा' म्हणून दगड मारतात. मुलगी असेल तर भीती याहून मोठी. कामावर नेले तर मालकीण खपवून घेत नाही.

महाराष्ट्रात या क्षेत्रात काहीच काम झाले नाही, असे नव्हे. मुंबईची जय वकील शाळा १९४४ पासून आणि पुण्याची कामायनी १९६४ पासून उभी आहे. सिकंदराबादला केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था १९८४ मध्ये सुरू झाली. त्या कामाचे मोल आम्ही नाकारत नाही. पण वस्तीतला तरुण अशा दारापर्यंत पोहोचतो कसा, हे पाहा. आधी दिव्यांग प्रमाणपत्र. त्यासाठी सरकारी दवाखान्यात बुद्ध्यांक चाचणी, तिची तारीख, मग पुन्हा तारीख. सोबत आधार, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला. प्रत्येक फेरीला आईची एक मजुरी बुडते. प्रवेश मिळालाच तर रोज त्याला नेणार-आणणार कोण? फी माफ असली तरी असे प्रशिक्षण गरिबाला मोफत पडत नाही.

आणि तिथे शिकवतात काय? मेणबत्त्या, पणत्या, राख्या, कागदी पिशव्या, फायली. यातले कुठलेही काम हलके नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. हे काम त्याने निवडलेले नसते. प्रमाणपत्रावरचा शिक्का बघून ते त्याच्या हातात दिलेले असते. दहा-दहा वर्षे तोच माणूस तिथे 'प्रशिक्षणार्थी' असतो आणि मिळतो त्याला पगार न म्हणता विद्यावेतन म्हणतात. दिवाळीच्या प्रदर्शनात पाहुणे येतात, 'बिचाऱ्यांनी किती छान केलंय' म्हणतात, फोटो काढतात. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. माणसाचा कल आणि कुवत न पाहता त्याचे काम आधीच ठरवून टाकणे हा जातीचाच रोग इथे दुसऱ्या नावाने वावरतो.

आणि जातही आपल्या जागी असतेच. एका केंद्रात आमच्या वस्तीतल्या एका आईला सांगितले गेले, "तुमच्या मुलाला साफसफाईचं काम चांगलं जमेल." त्याच तुकडीतल्या, तेवढीच समज असलेल्या, पण वेगळ्या आडनावाच्या मुलाला झेरॉक्स मशीन शिकवायला घेतले होते. ती आई बाहेर येऊन आम्हाला म्हणाली, "याच्या आज्यानं गावचा झाडू सोडला, तेव्हा कुठं आमी नागपूरले आलो. आता म्या पोराच्या हाती पुन्हा तोच देऊ काय?" या प्रश्नाला पुनर्वसनाच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही, कारण ती पुस्तके लिहिणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही.

आता प्रतिनिधित्वाचे बघू. १९९५ च्या कायद्याने व्याख्येत बौद्धिक दिव्यांगांना घेतले, पण नोकरीतले ३ टक्के आरक्षण दृष्टी, श्रवण आणि अस्थिव्यंग या तीन गटांत वाटून टाकले. यांच्या वाट्याला शून्य. २०१६ मध्ये आरक्षण ४ टक्के झाले. त्यातला एक टक्का स्वमग्न, बौद्धिक दिव्यांग, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांग अशा सगळ्यांना मिळून. त्यातही जागा लेखी परीक्षेने भरायची असेल, तर ज्याची अडचणच लिहिण्या-वाचण्याची आहे तो तिथे पोहोचणार कसा?

पगाराची कथा याहून बोलकी आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम २६ नुसार दिव्यांग कामगारांना किमान वेतनाच्या तरतुदी लागू नाहीत, असा आदेश सरकारला काढता येत होता. म्हणजे इतरांसाठी जी किमान रेषा, तिच्या खाली या माणसाला ठेवण्याची वाट कायद्यातच होती. समाजाने वेगळे काय केले असते?

आम्ही आठवड्यातून दोन संध्याकाळी विहाराच्या सभागृहात वर्ग घेतो. नोटा ओळखणे, बसचा नंबर, सही, फोन लावणे. शिकवण्याची पद्धत साधी आहे, पण चिवटपणा मागते. कामाचे बारीक तुकडे करायचे. कप गोळा करणे एक, विसळणे दोन, पुसणे तीन, उपडे ठेवणे चार. प्रत्येक तुकड्याचे चित्र दाखवायचे, सोबत करायचे आणि मग हळूहळू आपला हात काढून घ्यायचा. तरीही सभागृहात कप नीट धुणारा तरुण चहाच्या टपरीवर गोंधळतो, कारण तिथला नळ वेगळा असतो आणि गर्दीही असते. म्हणून खरे प्रशिक्षण कामाच्या जागीच होते. आधी काम मिळवायचे, मग सुरुवातीचे काही आठवडे शिकवणाऱ्याने तिथे त्याच्यासोबत उभे राहायचे.

आमच्या वर्गातल्या सव्वीस वर्षांच्या एका तरुणाला टपरीवर दिवसाचे पन्नास रुपये आणि नाश्ता मिळायचा. सोबतच्या पोराला तीनशे. नोटा मोजता यायला लागल्यावर एका संध्याकाळी त्याने पैसे परत काउंटरवर ठेवले आणि म्हणाला, "मले कमी हाय." मालक आधी हसला, मग चिडला. आम्ही चार वेळा जाऊन बसलो. आज त्याला दोनशे मिळतात. उरलेल्या शंभरासाठी भांडण चालू आहे.

आपल्या परंपरेत या तरुणाचा एक पूर्वज आहे, चूळपंथक. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. विद्वान भिक्खू असलेल्या थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला घरी जा म्हणून सांगितले. बुद्धांनी त्याला थांबवले आणि हातात एक स्वच्छ फडके दिले. ते चोळता चोळता मळले, आणि जे शब्दांतून कळत नव्हते ते अनित्यत्व त्याला हातांतून कळले. शिष्य बदलला नाही म्हणून त्याला हाकलायचे की शिकवण्याची रीत बदलायची, याचे उत्तर बुद्धांनी दिले आहे. त्याच अट्ठकथेत पुढे जोडलेले आहे की त्याने मागच्या जन्मी एका मंद भिक्खूची थट्टा केली होती. हे मात्र आम्ही मानत नाही. मागच्या जन्मीचे कर्म या जन्माचे दुःख ठरवते, हा विचार बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये नाकारला आहे. तरीही आपल्याच वस्तीत, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात, आईला 'मागच्या जन्मीचं भोगतेस' असे ऐकावे लागते. मग आपण नेमके काय सोडले?

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. संस्थेने विद्यार्थ्यासाठी आपले वेळापत्रक वाकवले. 'शिका' या शब्दाचा हा अर्थ आपण विसरलो आहोत. आपल्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेल्या आहेत, याचा अभिमान आहेच. पण त्याच गल्लीत कडीआड बसलेला तरुण त्या घोषणेत येतो की नाही?

म्हणून मागणी दुहेरी आहे. शासनाकडे ही, की स्थानिक संस्थांचा दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी एकदाच वाटायच्या वस्तूंत संपवू नका. त्यातून कामाच्या जागी सोबत राहणारे प्रशिक्षक नेमा, सोबत्याचे बसभाडे आणि बुडालेली मजुरी द्या. आणि काम करणाऱ्याला कामगार म्हणा, पगार द्या. समाजाकडे ही, की प्रत्येक विहारात आठवड्यातून दोन तास या तरुणांसाठी ठेवा. जागा आपली आहे, शिकवू शकणारी शिकलेली मुले-मुली आपली आहेत. त्यासाठी कुठल्याही शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही. यंदा पौर्णिमेला विहारात जाल, तेव्हा गल्लीतली एक बंद कडी उघडून जा.

जय भीम.